देठांसकट तीन ट्यूलिप

विलो कॉर्नर्स, मिशिगन
६ एप्रिल

चि. राधिका,

हात सवयीने ‘चि. सौ.’ लिहून गेला होता, म्हणून हा दुसरा कागद घेतला. ‘सौ.’ काढलं. ‘चि.’ मात्र तसंच ठेवलंय, ते काही कोर्टाच्या अखत्यारीत येत नाही.

फोनच करणार होते. पण फोन वाजत राहिला आणि समोरच्याने उचलला नाही, की आपण नकोसे झालोय हे तिथल्या तिथे कळतं. पत्राचं तसं नाही. तू ते महिनाभर ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलंस तरी मला कळणार नाही आणि मी आपली आशेवर राहीन. तुझा शुगर लँडचा नवा पत्ता परीक्षितच्या टेबलावरून उतरवून घेतला. त्याला सांगितलेलं नाही. तो विचारतही नाही, तुला माहीत आहेच.

मला कसं कळलं ते ऐक. डेट्रॉइटला उतरले, बॅगा गाडीत टाकल्या आणि विचारलं, “केया का रे नाही आली? शाळा आहे का?” तर म्हणतो, “आई, आधी बेल्ट लाव.” मी बेल्ट लावला. मग हायवेला लागल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता, त्याने सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये कागद दाखल केले, फेब्रुवारीत निकाल लागला, जानेवारीतच तुम्ही दोघी टेक्सासला गेलात. ऑगस्टमध्ये! मी तेव्हा तुमच्याच घरात, तुमच्याच टेबलावर बसून घेवडा निवडत होते. सप्टेंबरमध्ये आपण दोघी नर्सरीत जाऊन ट्यूलिपचे कंद आणले, लाल घ्यायचे की पिवळे यावर तिथे भांडलो. तेव्हाही तुला माहीत होतं. आईला त्रास नको म्हणून सांगितलं नाही म्हणे. साताऱ्याला रत्नाताईच्या जावेलासुद्धा माझ्याआधी कळलं होतं. मग मला कसला त्रास वाचवलात तुम्ही?

राग आलाय, तो लिहून टाकला. आता पुढचं.

मी कुणाची बाजू घेणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो इकडच्या खोलीत लॅपटॉप लावून बसायचा, तू तिकडच्या, आणि मधल्या जागेत मी आणि केया पत्ते खेळायचो. मला वाटायचं, यांचं कामच असं असेल. घटस्फोट तुमचा झाला, तो झाला. पण तुझ्यापासून माझाही झाला का, हे कुणी विचारलं?

मी उतरले त्या दिवशी तुझा मेसेज आला होता. “प्रवास नीट झाला ना? थंडी आहे, काळजी घ्या.” मी तो वरखाली करून पाहिला. त्यात ‘आई’ नव्हतं. इतकी वर्षं तुझं एकही वाक्य त्याच्याशिवाय सुरू झालं नाही. आई, मोजे घाला. आई, गॅस बंद केलात का? आई, ती सिरियल आता पुरे. मी कंटाळायचे अगदी. आणि आता हा एवढासा मेसेज, त्याला डोकंच नाही.

तर मला एवढंच विचारायचंय, की आता मी तुझी कोण? घाई नाही. विचार करून सांग.

जाता जाता, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर मातीतून काहीतरी हिरवं वर आलंय. गवत नाही. बघते काय आहे ते.

केयाची आजी
(हे तरी नक्की आहे ना?)


२० एप्रिल

चि. राधिका,

ते ट्यूलिप आहेत.

परीक्षितला विचारलं, तर म्हणाला, “मला काही आयडिया नाही, मी तर बॅकयार्डला गेलोच नाही विंटरभर.” म्हणजे तूच लावलेस. मी ऑक्टोबरात साताऱ्याला गेले आणि दर रविवारी फोनवर तुझ्या मागे लागायचे, कंद लावलेस का ग, जमीन गोठली की हात चोळत बसशील. तू एकदा म्हणालीस, “हो आई, लावले.” मला वाटलं, मला गप्प करायला म्हणतेय.

मग आता माझा दुसरा प्रश्न. ज्या घरातून निघायचं ठरलंय, तिथे कुणी कंद लावतं का? आणि लावलेस ते कुठे, तर मागे, भिंतीला चिकटून! दरवर्षी आपण पुढे ड्राइव्हवेच्या कडेला लावायचो, तिथे ऊन भरपूर. इथे दुपारपर्यंत सावली, फूल उशिरा येणार. गावच्या फुलांच्या शोसाठी लावतेस तर जागा तरी बरी बघायचीस. मी नसले की तू अशीच धांदल करतेस.

रुबार्बही वर आलीय. ती लाल-गुलाबी टोकं जमिनीतून निघाली आणि मला आपला पहिला वसंत आठवला. आठवतं ना? कुंपणापाशी हात हातभर पानं बघून मला वाटलं, देवाने मिशिगनमध्ये माझ्यासाठी अळू पाठवलंय. तू ऑफिसातून येईपर्यंत मी हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे घालून पातेलंभर फतफतं शिजवून ठेवलं होतं. तू दारातूनच ओरडलीस, “आई, तोंडात नाही ना घातलं? पानं विषारी असतात!” आणि बूटही न काढता सगळं पातेलं बाहेर जाऊन ओतून आलीस. मी रडकुंडीला आले होते. पानं अळूसारखी आणि खायचे फक्त दांडे, हा कसला देश! मग तू त्याच दांड्यांची आमटी केलीस, नागपूरला तुमच्याकडे आंबट चुक्याची करतात तशी, वर लसणीची फोडणी. केया तेव्हा उंच खुर्चीत बसायची. तिने बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिचकावले. ती आमटी मी परवा केली. परीक्षितने दोनदा वाढून घेतली.

शेजारची लोइस येऊन गेली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी बागेच्या क्लबची सेक्रेटरी तीच. वसंताच्या फुलांच्या आणि भाजीच्या प्रदर्शनाचा कागद घेऊन आली, १७ मे, शनिवार, नेहमीसारखं फायर स्टेशनमध्ये. “राधिका ऑल्वेज एंटर्स,” असं म्हणाली आणि मग जीभ चावली बिचारीने. मी म्हटलं, यंदाही करणार. बोलून गेले खरी. माझं आजवरचं काम म्हणजे केयाचा हात धरून उभं राहायचं आणि तुझी रुबार्ब गाडीत सांडू द्यायची नाही. कापणं, निवडणं, बाटलीत लावणं सगळं तुझं.

नियम वाचले. तीन ट्यूलिप, तीन रुबार्ब, पाच मुळे असं सगळं आहे. आणि ज्याने लावलं त्याच्याच नावाने ठेवायचं. लोइसला विचारलं, लावणारी दुसऱ्या राज्यात असेल तर? ती चष्म्यावरून बघत म्हणाली, “मुळं इथेच आहेत ना?” म्हणजे मी तुझ्या नावाने ठेवणार आहे. तुझी परवानगी मागतेय असं समज, पण नाही म्हणालीस तरी ठेवीन.

मुलांचा ‘ताटातली बाग’ हा विभागही आहे. गेल्या वर्षी केयाने शेवाळाचा सातारा केला होता, वर चिखलाचा अजिंक्यतारा आणि खाली आरशाच्या तुकड्याचं तळं. परीक्षकांना किल्ला कळला नाही, ते त्याला केक समजले. तुम्ही दोघी याल का? विमानाने तीन तास. तुम्ही याल त्या दिवशी परीक्षित बाहेर जाईल, मी बघते ते.

आजी


४ मे

चि. राधिका,

दोन पत्रं गेली, उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझ्या जागी असते तर लिहिलं नसतं कदाचित. पण तू परत पाठवलीही नाहीस, तेवढं मी धरून चालले आहे.

दोन बातम्या आहेत, दोन्ही वाईट.

पहिली, परीक्षित घर विकतोय. लोक बघायला येतात, मला तेवढा वेळ लोइसकडे जाऊन बसावं लागतं आणि फोडणी करायची नाही अशी सक्त ताकीद आहे. तो ॲन आर्बरला बसच्या रस्त्यावर अपार्टमेंट घेणार. म्हणाला, “एवढ्या मोठ्या घरात मी काय करू, आई?” जूनअखेर ताबा द्यायचा. म्हणजे ही खिडकी, हा ओटा, दाराच्या चौकटीवर केयाच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा, सगळं दुसऱ्याचं. त्या खुणांवर तो रंग मारणार होता. मी म्हटलं, मी विमानात बसेपर्यंत हात लावायचा नाही.

आणि बाई, जमिनीतले कंद कुणाचे? ते आत्ता काढता येत नाहीत. लोइस सांगते, फूल गेल्यावर पानं पिवळी पडून वाळेपर्यंत थांबायचं, तेवढ्या काळात कंद पुढच्या वर्षाची शिदोरी भरून घेतो. म्हणजे जूनचा शेवट. तिकडे ताबा, इकडे पानं, अशी शर्यत लागली आहे.

दुसरी बातमी हरणांची. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी आले, तर दोन हरणं तुझे ट्यूलिप शिस्तीत, ओळीने खात होती. मी दार उघडून “हाड हाड” केलं. एकाने माझ्याकडे बघून आणखी एक कळी खाल्ली. कळ्यांनी भरलेला वाफा होता ग! आता मोजक्या उरल्यात.

मग मी आपल्याकडचा उपाय केला. रत्नाताईच्या शेतात रानडुकरं येऊ नयेत म्हणून कडेने जुन्या साड्या बांधतात, तसं मी वाफ्याभोवती साड्यांचं कुंपण घातलं. माझ्या दोन सुती, एक इरकल, आणि कमी पडलं म्हणून तुझी ती जांभळी ओढणी. ती खालच्या कपाटात राहिली होती. वरून हिंगाचं पाणी शिंपडलं. परीक्षित ऑफिसातून आला आणि म्हणाला, “आई, काय हे यार! उद्या बायर्स येणार आहेत, अख्ख्या बॅकयार्डला फोडणीचा वास येतोय.” मी म्हटलं, बायर्सना जेवायला थांबव. तो हसला. मी आल्यापासून पहिल्यांदा हसला, म्हणून लिहिलं. नंतर बराच वेळ तो कुंपणापाशी उभा होता. त्या ओढणीची गाठ सुटली होती, ती त्याने पुन्हा बांधली.

बायर्स आले, कुंपण बघून विचारलं, हा काही सण आहे का? त्यांना घर आवडलं म्हणे.

तेव्हापासून हरणं आलेली नाहीत.

खरं सांगू का, मला बक्षिसाचं काही नाही. तू नसताना तुझी फुलं त्या टेबलावर दिसावीत, गावाने तुझं नाव वाचावं, आणि तुला कळावं की या घरात कुणीतरी तुझं सगळं नीट सांभाळलं, एवढंच. मला मुलगी नाही. तू आलीस तेव्हा मी काही लगेच मुलगी वगैरे म्हटलं नव्हतं. तुला भाकरी येत नव्हती आणि तू त्यावर युक्तिवाद करायचीस. पण मग इथले हिवाळे आले, बाहेर बर्फ आणि आत आपण तिघी. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं होती. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं, ते आत्ता सांगते.

केयाला थोडे आवळे पाठवलेत, सुकवलेले.

आजी


१८ मे

चि. राधिका,

काल प्रदर्शन झालं. तुझ्या नावाला मी बट्टा लावला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

पहाटे उठले, आंघोळ केली. तीनच ट्यूलिप पूर्ण उमलले होते, दोन लाल आणि एक पिवळा. आणखी एक होता, पण कळीच. साताऱ्याहून आणलेली वेताची परडी घेतली आणि बाहेर गेले. दव पडलं होतं. बोटांना गार पाकळी लागली आणि मी कुठे आहे तेच विसरले, बघ. आमच्या लहानपणी आई मला उजाडता उजाडता फुलांना पाठवायची. तगर, कण्हेर, जास्वंद. बजावून सांगायची, नखाने अलगद खुडायचं, देठ झाडाला ठेवायचा, त्याला परत फुलायचंय. आणि वास घ्यायचा नाही, देवाच्या आधी वास घेतला की फूल उष्टं होतं. मी श्वास धरून फुलं आणायचे. काल तशीच आणली. नाकाशी नेली नाहीत, तोंडाने काही पुटपुटलेसुद्धा असेन. घरात येऊन परडी ओट्यावर ठेवली, मागे सरकून पाहिलं आणि हात कपाळावर मारला.

तिन्ही फुलं देठाविना. नुसती डोकी.

कात्री तिथेच, खिळ्याला लटकत होती, तुझी ती केशरी मुठीची. जित्याची खोड, दुसरं काय! बाहेर वाफ्यात तीन हिरवे देठ ताठ उभे, आणि वर काही नाही. मी पुन्हा जाऊन पाहिलं, जसं काही ते बदलणारच होते. परीक्षित खाली आला, त्याने परडीत बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, “टेपने चिकटवू का?” इंजिनिअर तो! शेवटी म्हणाला, “चल, आहेत तशी नेऊ.” मला वाटलं नव्हतं तो येईल म्हणून. पण त्याने गाडी काढली, रुबार्ब मांडीवर मी धरली.

फायर स्टेशन तसंच आहे. बंब बाहेर उन्हात, आत पांढऱ्या कागदाची टेबलं. बाटल्यांत डॅफोडिल, ॲस्पॅरॅगसच्या जुड्या, अंडी, जॅम. आणि ट्यूलिपच्या ओळीत बारा जणांचे हातभर उंच देठ, शिपायांसारखे. लोइसने माझी परडी पाहिली, मग मला. “ओह, नॅन्डा.” एवढंच म्हणाली. मग एक उथळ काचेची थाळी आणली, पाणी ओतलं, तिन्ही फुलं त्यात सोडली. आपण दिवाळीला दारात ठेवतो तशी. समोर कार्ड ठेवलं, त्यावर तुझं नाव तिनेच मोठ्या अक्षरात लिहिलं.

परीक्षक म्हणजे एक उंच म्हातारा, खिशात फूटपट्टी. तो देठ मोजतो. आमच्या थाळीपाशी आला, फूटपट्टी काढली, परत ठेवली. थाळीखाली वाकून पाहिलं, देठ खाली कुठे लपवलेत का म्हणून. मग कार्डावर काहीतरी लिहिलं. लोइसने अर्थ सांगितला, ‘नियमाप्रमाणे नाही’, म्हणून स्पर्धेतून बाद. तिसरा नंबर नाही, उत्तेजनार्थ नाही, सरळ बाद. इतकी वर्षं तू इथे फुलं ठेवलीस, कधी बाद झाली नाहीस. तुझ्या नावावर पहिला नापासाचा शिक्का मी मारला.

मी त्या म्हाताऱ्याला सांगायला गेले, की बाबा, आमच्याकडे देवाला देठ चालत नाहीत. तो भला माणूस, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, फुलं फार सुंदर आहेत, पण नियम तो नियम. तिथेच पलीकडच्या टेबलावर रुबार्बची पानं कापून नुसते देठ ठेवायचे असतात. या देशाचा सगळा जीव देठात आहे बघ. रुबार्बला तुझा नेहमीचा दुसरा नंबर आला, लाल रिबीन. ती परंपरा मात्र मी मोडली नाही.

मुलांच्या टेबलापाशी गेले. बागा छान होत्या, किल्ला कुणाचा नव्हता. तिथे मला एकदम भरून आलं आणि मी बंबापाशी जाऊन उभी राहिले. परीक्षित शेजारी आला. म्हणाला, “केया असती तर म्हणाली असती, आजी, डोंट क्राय ऑन द फायर ट्रक.” मग आम्ही दोघंही थोडं रडलो आणि थोडं हसलो. त्याला तुमची आठवण येते, राधिका. तो तुला सांगणार नाही, आणि सांगून आता काही जुळायचंही नाही, हे मला कळतं. पण खोटं का लिहू?

तुझी माफी मागते. कात्रीने कापायला हवी होती.

आजी


२० मे

चि. राधिका,

काल तू फोन ठेवलास तेव्हा माझी पोळी तव्यावर कोळसा झाली होती. स्मोक अलार्म वाजला, परीक्षित वरून धावत आला. मी टॉवेल हलवत हसत होते, त्याला वाटलं मला काहीतरी झालं.

बोललो आपण सगळं, तरी लिहिते. फोनवरचं हवेत जातं.

स्क्रीनवर तुझं नाव दिसलं आणि माझे हात पिठाचे. कोपराने उचलला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तू सुरू झालीस, “आई, अहो देठ कुठे गेले? लोइसने गावाच्या पेजवर फोटो टाकलाय! माझं नाव, खाली थाळीत तीन मुंडकी, आणि डिस्क्वालिफाइड! आई, तुम्ही नखाने खुडलीत ना? खरं सांगा!”

तू काय म्हणालीस ते मी नंतर ऐकलं. पहिल्यांदा मी एकच शब्द ऐकला. ओरडतानासुद्धा तो तुझ्या वाक्याच्या सुरुवातीला होता, त्याच्या जुन्या जागेवर. तू विचार करून म्हणाली नाहीस, म्हणून तर मला तो खरा वाटला. मी फेब्रुवारीचा निकाल, मार्चचा मेसेज, सगळं विसरले. तू पुढे आणखी बराच वेळ रागावत होतीस आणि मी ‘हो ग, हो ग’ म्हणत होते.

मागून केया ओरडली, “आजी, यू हॅड वन जॉब!” आवाज मोठा झालाय तिचा. मग तिने फोन घेतला. मी तिलाही तेच विचारलं, जे तुला पत्रात लिहिलं होतं, की तुझ्या आईने ते कंद मागे का लावले ग, सावलीत? तर म्हणाली, “बिकॉज ऑफ द विंडो, आजी. मॉम सेड तू सकाळी चहा घेऊन तिथे उभी राहतेस. अँड वी वुडंट बी देअर. इट वॉज रेनिंग अँड सो कोल्ड, माय फिंगर्स वेअर फ्रोझन.” तू मागून म्हणालीस, “केया, डिशवॉशर लाव.” पण तोवर मी ऐकलं होतं.

मग तू पुन्हा फोनवर आलीस. म्हणालीस, “तुम्हाला सांगायचं धाडसच झालं नाही, आई. मग वाटलं, निदान काहीतरी दिसू दे त्यांना खिडकीतून.”

मी आणि जागा चुकली म्हणून तुला नावं ठेवत होते! ऐंशी कंद तू थंडीत गुडघ्यावर बसून लावलेस, आणि शोचा विचारही तुझ्या मनात नव्हता. ते माझ्यासाठी होते. म्हणजे बाद झाले तेच बरोबर झालं ग, ते स्पर्धेचे नव्हतेच.

ती चौथी कळी आज उमलली. तिला मी हात लावलेला नाही. सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर उभी होते.

नंदा
(काय लिहावं ते अजून हाताला सुचत नाही. सवय होईल.)


२२ जून

चि. राधिका,

पानं पिवळी पडली. ताब्याला आठ दिवस आहेत, म्हणजे शर्यत आपण जिंकलो. नव्या लोकांना परीक्षितने विचारलं, कंद नेऊ का? ते म्हणाले, न्या, पण ते रंगीत कापडांचं कुंपण ठेवाल का? मी इरकल काढून घेतली, सुती दोन्ही ठेवल्या. तुझी ओढणी धुऊन बॅगेत घातली आहे.

काल दिवसभर आम्ही दोघं खणत होतो. तो फावडं घालायचा, मी मातीतून कंद वेचायचे. कांद्यासारखेच दिसतात, म्हणून स्वयंपाकघरात ठेवू नकोस, मी कधीतरी चिरून फोडणीत टाकीन. माझा भरवसा नाही. परीक्षितने एकेक कंद वर्तमानपत्रात गुंडाळला. एक त्याने स्वतःच्या खिशात टाकला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

दाराच्या चौकटीची ती फळी त्याने खिळे काढून सबंध सोडवली आणि नवी बसवली. केयाच्या उंचीसकट ती त्याच्या अपार्टमेंटमध्ये जाणार. जुलैत केया त्याच्याकडे येईल, तेव्हा नवी खूण होईल.

तू परवा फोनवर घाईघाईत सांगितलंस ते मी पुन्हा पुन्हा आठवतेय. शुगर लँडच्या उकाड्यात ट्यूलिप फुलत नाहीत, त्यांना हिवाळा लागतो, म्हणून लोक तिथे कंद महिनोन्‌महिने फ्रीजमध्ये ठेवतात आणि जानेवारीत लावतात. “आई, फ्रीजचा खालचा ड्रॉवर रिकामा केलाय,” तू म्हणालीस. “सफरचंदंसुद्धा बाहेर काढली, त्यांच्याशेजारी कंद ठेवले तर आतलं फूल मरतं म्हणे. केयाने ड्रॉवरवर तुमचं नाव लिहिलंय. तुम्ही घेऊन या.”

पाठवा म्हणाली नाहीस, घेऊन या म्हणालीस.

तुझ्या त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात, तुझ्या फ्रीजमध्ये, माझ्यासाठी एक थंडीचा कप्पा आहे! परीक्षितला सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, “विंडो सीट घेतो तुझी.”

शनिवारी दुपारी पोचते. जानेवारीत कंद लावशील तेव्हा मी साताऱ्याला असेन, पण फुलतील तोवर येईन. खिडकीसमोर लाव, आणि या वेळी दोघींना दिसतील असे. मला कात्रीने कापायला शिकव. नाही जमलं तर देवाला वाहू.

दार नुसतं लोटून ठेव ग. परडी दोन्ही हातांत असेल, बेल दाबता येणार नाही.

आई